रीफ टँकचा प्रोटीन स्किमर: नागपुरात पावसाळा ते उन्हाळा वापरून

स्किमर (मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधली, म्हणजे रीफ टँकमधली, सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) बसवल्यावर पहिले दोन आठवडे त्याच्याबद्दल बरंवाईट काहीच ठरवू नका, हे सगळ्यात आधी सांगतो. माझा स्किमर सम्पमध्ये (मुख्य टँकखालच्या, यंत्रं ठेवायच्या टाकीत) बसणारा, शंकूच्या आकाराचा, नीडल-व्हील (काटेरी चाक) आणि डीसी पंपाचा. टँक साधारण ३०० लिटरचा. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबीची एक जात), आणि झोआ व लेदर या जातींचे कोरल. पावसाळा सरता सरता बसवला, आता मे अर्धा झालाय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खालचं जवळपास सगळं या पद्धतीच्या कुठल्याही स्किमरला लागू आहे.

तुरीची डाळ शिजताना वर जो फेस धरतो, तसंच हे काम आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलचा चिकट स्राव यातले बरेच सेंद्रिय रेणू असे असतात की त्यांचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा दिसला की ते त्याच्या कडेला जाऊन बसतात. पंपातलं काटेरी चाक हवेचे अगदी बारीक बुडबुडे करतं, ते फेस होऊन गळ्यातून (स्किमरच्या वरच्या अरुंद भागातून) वर चढतात आणि कपात, म्हणजे वरच्या घाण साठवायच्या भांड्यात, सांडतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात बारीक टिकतात. म्हणून घरच्या गोड्या पाण्याच्या टँकला हे यंत्र लावून उपयोग नाही. ओळखीतले गोल्डफिशवाले हे हमखास विचारतात.

बसवण्याआधी सगळे भाग सुटे करून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पंप दोन-तीन तास चालवला आणि साध्या पाण्याने धुतला. साबण अजिबात नको. नव्या अ‍ॅक्रिलिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो, आणि तेल हा फेसाचा वैरी. धुऊनही तो पूर्ण जात नाही; आतल्या भिंतींवर जिवाणूंचा पातळ थर धरेपर्यंत फेस स्थिर होत नाही. ‘ब्रेक-इन’ म्हणतात ते हेच.

तर पहिल्या दिवशी काय दिसलं? आत दुधासारखं पांढरं पाणी, सम्पभर बारीक बुडबुडे, कप कोरडा. शेजारचे काकाजी बघायला आले आणि म्हणाले, “हे पाणी साफ करून राहिलं की घाण?” प्रश्न रास्तच होता. चौथ्या-पाचव्या दिवशी उलटं झालं, फेस भसकन वर येऊन कप पातळ पाण्याने भरला. अशा वेळी हात शिवशिवतात, पण गेट व्हॉल्व्ह (स्किमरमधून बाहेर जाणारं पाणी कमी-जास्त करणारी चावी) सारखा फिरवू नका. मी तो जवळजवळ पूर्ण उघडा ठेवला, आतली पाण्याची रेषा गळ्याच्या बरीच खाली राहू दिली, आणि मग दोन दिवसांनी एकदा, जेमतेम पाव फेरा, एवढाच बदल करत गेलो. दुसरा आठवडा संपताना गळ्याच्या आतल्या बाजूला बदामी रंगाचं पहिलं कडं दिसलं. बोटाने पुसलं तर लोण्यासारखं चिकट, वास कुजलेल्या मासळीचा. तो वास आला आणि मला फार आनंद झाला.

आता नागपूरचा खरा मुद्दा. स्किमरचं सगळं गणित सम्पमधल्या पाण्याच्या उंचीवर चालतं. माझ्या मॉडेलला १८ ते २० सेंटिमीटर पाणी लागतं. पारा ४५ ला टेकला, खोलीत कूलर आणि सम्पवर पंखा सुरू असला की पाणी बघता बघता उडतं. सम्पची पातळी दोन बोटं उतरली तरी गळ्यातला फेस खाली बसतो आणि कप कोरडा राहतो. लोक अशा वेळी स्किमर बिघडला म्हणतात. बिघडलेला नसतो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) लावा, त्यात आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, पाणी ठेवा. इथे ही चैन नाही, स्किमरइतकीच गरजेची वस्तू आहे. सम्पमध्ये पातळी कायम राखणारा वेगळा कप्पा असेल तर उत्तमच.

दुसरी गोष्ट, लाइन जाते. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणारा) थांबला की वरच्या टँकचं पाणी सम्पमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. लाइन आल्या आल्या स्किमर त्या खोल पाण्यात सुरू झाला तर कप ओसंडून सगळी घाण परत सम्पमध्ये. म्हणून स्किमर उशिरा सुरू होईल अशी सोय हवी. माझ्या कंट्रोलरमध्ये १० मिनिटांची आहे. इन्व्हर्टरवर मी स्किमर न ठेवता वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवलाय. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, लाइन नसताना पाणी हलतं राहणं जास्त महत्त्वाचं.

स्किमर खोलीतलीच हवा ओढतो, हे लक्षात ठेवा. डासांसाठी स्प्रे मारला तर तो थेट पाण्यात जातो, आणि ही कीटकनाशकं श्रिम्पसाठी जीवघेणी असतात. आमच्याकडे त्या खोलीत स्प्रे, कॉइल बंदच केलंय आणि दिवाळीआधी रंगकाम चालू होतं तेव्हा हवेची नळी खिडकीबाहेर काढली होती. ती तशीच राहिली, त्याचा वेगळा फायदा आता दिसतोय. दारं-खिडक्या लावून एसी चालवला की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच ७.८ च्या आसपास घसरतो. बाहेरची हवा मिळाली की ८.१ ला येतो, समुद्राच्या पाण्याइतका. कूलरच्या खोलीत खिडकी उघडीच असते, तिथे ही अडचण येत नाही.

स्किमर काय करत नाही तेही नीट समजून घ्या. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी ते साधारण २० ते ३५ टक्केच काढू शकले. घाण कुजून आधीच तयार झालेलं नायट्रेट तर फेसात येतच नाही. त्यामुळे पाणी बदलणं सुटत नाही. माझ्या टँकमध्ये फरक दिसला तो पाण्याच्या रंगात. आधी बाजूच्या काचेतून लांबीने पाहिलं की पिवळसर झाक दिसायची, ती गेली. काचेवरची शेवाळही हळू धरते. वरचा तेलकट तवंग मात्र स्किमरने नाही, ओव्हरफ्लोने (टँकच्या वरच्या थरातलं पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या वाटेने) काढला.

फेस ओला काढला की कपातून खारं पाणी जातं, टॉप-ऑफ त्या जागी गोडं भरतो आणि पाण्याचा खारेपणा हळूहळू उतरतो. १.०२५ विशिष्ट घनतेवर टँक ठेवत असाल तर रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) आठवड्याला तपासा. मी आता थोडा सुका, गडद चहासारखा माल येईल एवढंच ठेवतो.

माशांना खाणं दिलं की फेस तासभर बसतो. खोबरेल लावलेला हात टँकमध्ये गेला तर अख्खी दुपार. उलट कोरल चिकटवायची इपॉक्सी किंवा काही वॉटर कंडिशनर घातले की फेस उसळतो. त्या दिवशी कप काढून ठेवा. गळा दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने घासतो, चार महिन्यांनी पंप व्हिनेगरमध्ये. नागपूरचं कोरडं वातावरण बघता हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ लवकर जमतं, तिथे अधूनमधून कोमट पाणी सोडावं लागतं. फेस अचानक जाडाभरडा झाला तर आधी तिथेच बघा.

आवाज कमी आहे, शेजारच्या खोलीत झोपता येतं. तक्रार एकच: कपाचं झाकण सैल आहे, त्यामुळे वास पसरतो. घेणाऱ्यांना सांगणं असं की टँकच्या लिटरपेक्षा माशांची संख्या बघून माप निवडा. कमी मासे आणि अवाढव्य स्किमर असेल तर फेसाला मालच मिळत नाही आणि तो कधीच स्थिर होत नाही. आणि खरेदीच्याच वेळी एक जादा इम्पेलर (पंपातलं ते काटेरी चाक) मागवून ठेवा. इथल्या दुकानांत तो तयार मिळत नाही, बाहेरगावहून कुरिअरने येतो, आणि मे महिन्यात टँकला तेवढे दिवस स्किमरविना काढणं जड जातं.