दाढेला कुठली कॅप: धातू, सिरॅमिक, झिरकोनिया की ई-मॅक्स?

रूट कॅनॉलच्या तिसऱ्या सिटिंगला डॉक्टरांनी नमुन्याच्या चार कॅप माझ्या तळहातावर ठेवल्या. एक स्टीलच्या वाटीसारखी चकचकीत, बाकी तिन्ही पांढऱ्या. वरून त्या तिघींत मला काही फरक दिसेना. उलट्या केल्यावर कळलं: एकीच्या आत करडा धातू, दुसरी आतूनही खडूसारखी पांढरी आणि तिसरी ट्यूबलाइटसमोर धरली तर किंचित पारदर्शक. "कुठली बसवायची ते घरी जाऊन ठरवा," म्हणाले.

ठरवताना आधी पैशांचा विचार येतो, पण खरं तर सुरुवात दातापासून करावी. दात पुढचा की मागचा? हिरडीच्या वर किती उरलाय? रात्री झोपेत दात खायची सवय आहे का? रूट कॅनॉल झालेली दाढ आतून पोखरलेली असते, भाकरी-चिक्की चावताना तिच्या भिंती फाकून ती उभी चिरते. कॅप तिला चहूबाजूंनी आवळून धरते. म्हणून मागे ताकद पाहायची, पुढे रूप.

धातूची कॅप सगळ्यात स्वस्त, आणि उगाच बदनाम. ती पातळ असूनही टिकते, त्यामुळे दाढ वरून साधारण एक मिलिमीटरच तासावी लागते. शेवटची, मुळातच बुटकी दाढ असेल तर हा मोठाच फायदा. ही बहुधा निकेल-क्रोमची असते. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी ते आधीच सांगावं आणि निकेल नसलेला धातू मागावा. (सोन्याची कॅप अजूनही उत्तमच, पण सोन्याचा आजचा भाव पाहता ते सोनं गळ्यातच बरं.)

दवाखान्यात नुसतं 'सिरॅमिक' म्हणतात तेव्हा बहुतेकदा आत धातू आणि वर पोर्सिलेनचा थर असतो. हे विचारून घ्या, कारण आपण बिनधातूची समजून हो म्हणतो. 1960च्या दशकापासून चालत आलेला हा प्रकार आहे, किंमत मधली, आणि लांब ब्रिजलाही (पडलेल्या दाताची जागा भरायला शेजारच्या दातांवर बसवलेले जोडदात) चालतो. पण दोन थर मावायला दात दीड ते दोन मिलिमीटर तासावा लागतो. पोर्सिलेनचा टवका उडू शकतो, आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. आईच्या कॅपचा कोपरा असाच उडालाय, रेघही आलीय. ती त्याच बाजूने शेंगदाणे खाते आणि बदलायचं नाव काढत नाही.

झिरकोनियाची जाहिरात सगळ्यात जास्त, पण त्यात तथ्यही आहे. भट्टीत ही कॅप साधारण वीस टक्के आकसते, म्हणून मशीनवर ती मुद्दाम मोठी कोरतात आणि मग सुमारे दीड हजार अंशांवर भाजतात. ताकदीला ती ई-मॅक्सच्या दुपटीहून जास्त भरते. मात्र झिरकोनियातही जाती आहेत. आरपार एकसंध असते ती दाढेला. वरून पोर्सिलेन चढवलेली दिसायला सुंदर, पण टवक्याची भीती परत आलीच. जास्त पारदर्शक झिरकोनिया ताकदीला कमी, हेही लक्षात ठेवा. 'समोरचा दात झिजवते' असं ऐकलं असेल, तर ते अर्धंच खरं. नीट पॉलिश केलेली त्रास देत नाही, बसवताना कुठे उंच लागते ते पाहायला निळा कागद चावायला लावून घासलेली आणि तशीच खरखरीत सोडलेली मात्र देते. घासल्यावर पुन्हा पॉलिश करा म्हणायला लाजू नका. खरी अडचण वेगळीच आहे: पुढेमागे रूट कॅनॉल पुन्हा करायची वेळ आली, तर ही कापणं जिकिरीचं.

ई-मॅक्स हे खरं तर एका कंपनीने आपल्या मालाला दिलेलं नाव, पदार्थ लिथियम डायसिलिकेट. प्रकाश थोडा आत शिरतो, म्हणून पुढच्या दातात ही शेजाऱ्यांत मिसळून जाते, ओळखू येत नाही. पण त्याच पारदर्शकपणामुळे खालचा काळा पडलेला दात किंवा धातूची पोस्टही (कॅपला आधार म्हणून दाताच्या मुळात बसवलेली काडी) डोकावते. अशा वेळी झिरकोनिया बरी. ही चिकटवताना दात कोरडा ठेवावा लागतो, किनार हिरडीत खोल गेली असेल तर ते अवघड.

माझी खालची पहिली दाढ, वर रात्री दात खायची सवय, म्हणून मी एकसंध झिरकोनिया घेतली. बरोबर वॉरंटी कार्डही मिळतं. ते वाचा: हमी कॅप फुटण्याची असते, दात किडण्याची नाही. आणि कीड लागते ती बहुधा कॅप आणि दात जिथे भेटतात त्या किनारीला. त्यामुळे कार्डावरच्या वर्षांपेक्षा मला कॅप कशी बसते याची जास्त काळजी होती.

सिमेंट लावण्याआधी खिडकीशी जाऊन आरशात रंग पाहिला, चोख होता. मग डॉक्टरांनी शेजारच्या दाताच्या फटीतून फ्लॉस (दात साफ करायचा बारीक दोरा) घातला, तो कुठेही न अडता सुळकन बाहेर आला. म्हणजे कॅप शेजारच्या दाताला नीट टेकत नव्हती, तिथे रोज घास अडकणार. त्यांनी कॅप काढून डबीत टाकली आणि लॅबला परत पाठवली. आणखी आठवडाभर मी तात्पुरत्या कॅपवर, डाव्या बाजूनेच जेवले.