ॲपल सायडर व्हिनेगर की माडाचा विनागर: दोन बाटल्यांची पारख

गोव्यात म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी माडाचा विनागर, म्हणजे माडाची सूर आंबवून केलेलं व्हिनेगर मिळतं. दारूच्या धुतलेल्या जुन्या बाटल्यांत भरलेला, किंचित गढूळ आणि बहुतेक वेळा लेबल नसलेला. जवळच्याच सुपरमार्केटात ॲपल सायडर व्हिनेगर असतं, त्यावर ‘विथ मदर’ असं ठळक छापलेलं असतं आणि किंमत माडाच्या विनागराच्या कितीतरी पट. दोन्ही बाटल्यांत अंगाला लागू पडणारं द्रव्य एकच, ॲसेटिक ॲसिड. म्हणून अभिप्राय आधीच सांगतो. भात-पावाच्या जेवणाबरोबर घेतलं तर जेवणानंतर वाढणारी साखर थोडी कमी वाढते, एवढा फायदा खरा आहे. त्यासाठी सफरचंदच हवं असं नाही. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी पेलाभर पिण्यात मात्र पैसे जातात आणि दात झिजतात.

गोव्यात हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एकाला हा आजार असेल तर घराघरांत ही बाटली शिरणारच. ती कशी वापरायची हे नीट कळायला हवं.

आधी बाटलीत काय असतं ते. सफरचंदाचा रस आंबवला की यीस्ट त्यातल्या साखरेची दारू करतं. मग ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या दारूचं ॲसेटिक ॲसिड करतात. रेंदेराने माडावरून उतरवलेल्या सुरेचंही, म्हणजे माडाच्या गोड रसाचंही, पुढे हेच होतं. १५ मिली, म्हणजे मोठा चमचाभर व्हिनेगरमध्ये सुमारे ३ कॅलरी आणि ११ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. जाहिरातीत ‘पोटॅशियमने समृद्ध’ वाचलं तर एक केळं आठवावं, त्यात साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम असतं. तळाशी दिसणारी ‘मदर’ म्हणजे जिवाणू आणि त्यांनीच विणलेलं सेल्युलोजचं जाळं. व्हिनेगर गाळलेलं नाही एवढीच ती खूण. तिच्यामुळे तब्येतीला वेगळा फायदा होतो हे कोणी दाखवून दिलेलं नाही. गढूळपणासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

आता साखरेचं. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातला २००४ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्यात २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर ४० ग्रॅम पाण्यात मिसळून, वर पिठूळ नाश्ता दिला होता. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही अशा लोकांत इन्सुलिनची संवेदनशीलता ३४ टक्क्यांनी सुधारली, टाइप २ मधुमेह असलेल्यांत १९ टक्क्यांनी. हाच ३४ चा आकडा पुढे ‘साखर ३४ टक्के उतरते’ असा फिरवला जातो, तो चुकीचा आहे. तो रक्तातल्या साखरेचा आकडा नाही. शिवाय एका नाश्त्यानंतरच्या तासाभराचा हिशेब होता आणि माणसं होती जेमतेम २९.

दिशा मात्र बरोबर होती. स्वीडनमध्ये पांढऱ्या पावाबरोबर पांढरं व्हिनेगर देऊन पाहिलं, तिथेही साखर कमी चढली आणि पोट जास्त वेळ भरलेलं वाटलं. कारण सरळ आहे. आम्ल पोटात गेलं की अन्न जठरातून आतड्यात सावकाश उतरतं, त्यामुळे पिठाची साखरही हळूहळू रक्तात येते. त्याच ॲरिझोनातल्या गटाने २०१० मध्ये आणखी दोन गोष्टी तपासल्या. जेवणासोबत घेतलेल्या व्हिनेगरने फरक पडला, जेवणाआधी पाच तास घेतलेल्याने नाही. आणि नुसतं ग्लुकोज दिलं तेव्हाही फरक दिसला नाही. याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा: सकाळी सहाला प्यायलेला पेला दुपारच्या शीत-कडीच्या कामाचा नाही, आणि कोल्ड्रिंकवर तर व्हिनेगरचा भरवसाच धरू नये. त्याचा उपयोग भात, पाव, उंडो, बटाटा यांच्याबरोबरच.

वजनाबद्दल थोडक्यात. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर घेणाऱ्यांचं वजन एक ते दोन किलो घटलं, आणि घेणं थांबवल्यावर परत वाढू लागलं. लेबनॉनमधल्या तरुणांवरचा २०२४ चा अभ्यास सहा-आठ किलो वजन उतरल्याचं सांगत होता. रील्समध्ये अजूनही त्याचाच हवाला देतात. आकडेवारीतल्या गंभीर दोषांमुळे तो २०२५ मध्ये मागे घेतला गेला. दुकानात कोणी त्याचं कात्रण दाखवलं तर विसरून जावं. ‘डिटॉक्स’, मूतखडा विरघळणं, कॅन्सर यांच्या नावाने जे चालतं त्याला काही आधार नाही. चामखीळ किंवा तिळावर व्हिनेगरचा बोळा बांधून ठेवू नये, त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत.

दातांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लोक इथेच फसतात. व्हिनेगरचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) अडीच ते तीनच्या आसपास असतो आणि दातांचं एनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. ‘आम्ही पाण्यात घालूनच पितो’ हे उत्तर पुरत नाही. ॲसेटिक ॲसिड हे सौम्य आम्ल आहे. दहापट पाणी घातलं तरी पीएच अर्ध्या अंकानेच वर सरकतो. म्हणजे २५० मिली पाण्यात १५ मिली घातलं तरी पेला साडेतीनच्या आसपासच राहतो. तो घोट घोट करत अर्धा तास पुरवून पिणं सर्वांत वाईट, दात तेवढा वेळ आम्लात बुडून राहतात. प्यायचंच असेल तर जेवताना, स्ट्रॉने, एका दमात. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश लावू नये. आम्लाने मऊ पडलेलं एनॅमल ब्रशने खरवडलं जातं, आणि एनॅमल पुन्हा उगवत नाही.

त्यापेक्षा चांगली वाट म्हणजे व्हिनेगर खाण्यात घालणं. मात्रा लक्षात ठेवावी. ५ टक्क्यांच्या १५ मिलीत पाऊण ग्रॅम ॲसेटिक ॲसिड असतं. विनागर ४ टक्क्यांचा असेल तर तेवढ्यासाठी १९ मिली लागेल. एक मध्यम कांदा पातळ उभा चिरून त्यावर २० मिली विनागर, चिमूटभर मीठ आणि हवी तर हिरवी मिरची घालून दहा मिनिटं ठेवावं, एका माणसाला पुरतं. खाली सुटलेलं पाणी टाकू नये. आम्ल त्यातच आहे, ते भातावर ओतून घ्यावं. किलोभर मांसाच्या विंदालूत ८०-९० मिली विनागर पडला आणि सहा जण जेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला १३-१५ मिली येतो. शिजताना थोडं आम्ल उडतं, बरंचसं रश्श्यात राहतं. रेशाद मसाला मात्र बांगड्यात भरतो तो चमचा-दोन चमचे, त्यातून फार काही पोटात जात नाही. आणि ज्या घरांत विनागर चुलीपाशी येतच नाही, आंबटाला सोलं (आमसुलं) किंवा तोरं (कैऱ्या) चालतात, त्यांनी हे निष्कर्ष सोलकढीला लावू नयेत. सोलातलं आम्ल वेगळं आहे.

आता माडाचा विनागर घेताना काय पाहायचं. ताजी सूर मातीच्या किंवा काचेच्या भरणीत, तोंडाला फडकं बांधून काही आठवडे ठेवली की तिचा विनागर होतो. काही घरांत कौलाचा तुकडा लालभडक तापवून आत टाकण्याची रीत आहे. चांगला झालेला विनागर फिकट पिवळा ते मधाच्या रंगाचा असतो, तळाशी साका असतो, वास आंबट पण नाकात घुसून डोळ्यांत पाणी आणणारा नव्हे. पाण्यासारखा नितळ आणि नाक झणझणवणारा असेल तर पाण्यात ॲसेटिक ॲसिड मिसळलेला असण्याचा संभव जास्त. तसं विकायला बंदी नाही, पण अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे लेबलवर ‘सिंथेटिक’ आणि ‘ॲसेटिक ॲसिडपासून तयार’ असं इंग्रजीत लिहावंच लागतं. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड हवं, हाही नियमच.

गावठी बाटलीतला एकच खरा दोष म्हणजे आम्ल किती हे लिहिलेलं नसतं. घरच्या घरी अंदाज काढता येतो. खाण्याचा सोडा १० ग्रॅम मोजून २०० मिली पाण्यात विरघळवावा. जास्वंदीच्या पाच-सहा लाल पाकळ्या कोमट पाण्यात चुरून गाळून घ्याव्यात. दोन काचेच्या पेल्यांत १५-१५ मिली घ्यावं, एकात लेबलवर ५ टक्के लिहिलेलं व्हिनेगर, दुसऱ्यात माडाचा विनागर. दोन्हींत सारखंच पाणी आणि जास्वंदीचा सारखाच रस घालावा, रंग गुलाबी चढतो. मग औषधाच्या सिरिंजने सोड्याचं पाणी एकेक मिली सोडत ढवळत जावं. फेस निवून गुलाबी छटा पुरती गेली की थांबावं. ५ टक्क्यांच्या पेल्याला सुमारे २१ मिली लागतं. दुसऱ्याला १७ लागलं तर विनागर ४ टक्क्यांचा, १२-१३ वरच रंग गेला तर ३ टक्क्यांचा, म्हणजे कच्चा किंवा पाणी घातलेला. रंगाबद्दल शंका आली तर दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावेत.

विनागर कमजोर निघण्यामागे दर वेळी भेसळच असते असं नाही. सुरेतली सगळी दारू संपल्यावरही हवा लागत राहिली तर तेच जिवाणू ॲसेटिक ॲसिडही खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. महिनोन्महिने अर्धी भरलेली बाटली म्हणूनच मवाळ पडते. उलट सुरुवातीलाच घट्ट बूच लावलं तर हवेअभावी विनागर होतच नाही, दारूच राहते.

गमी आणि गोळ्यांना आमच्याकडून सरळ नकार. एका गमीत ५०० मिलिग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर असं लिहिलेलं असेल आणि ते ५ टक्क्यांचं धरलं तर ॲसेटिक ॲसिड भरतं २५ मिलिग्रॅम. एका मोठ्या चमच्याची बरोबरी करायला अशा ३० गम्या खाव्या लागतील, आणि बहुतेक गम्या गोड असतात त्या साखरेने. ॲसेटिक ॲसिडचा आकडा वेगळा छापलेला नसेल तर ते पाकीट घेऊच नये. गोळ्या तपासल्या तेव्हा एकीतलं आम्ल दुसरीशी जुळत नव्हतं, आणि घशात अडकून अन्ननलिका भाजल्याचीही नोंद आहे.

कोणी घेऊ नये किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, हे नीट वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं साखर उतरवणारं औषध चालू असेल तर साखर नको इतकी खाली येऊ शकते. फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड अशा लघवीच्या गोळ्या किंवा हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घटण्याचा धोका आहे. सहा वर्षं रोज पाव लिटर ॲपल सायडर व्हिनेगर पिणाऱ्या एका २८ वर्षांच्या बाईचं पोटॅशियम खाली गेलं आणि हाडं ठिसूळ झाली, ही नोंद १९९८ ची आहे. जुन्या मधुमेहामुळे ज्यांचं जठर आधीच मंद झालंय त्यांना तर हे अजिबात नको. जो परिणाम इतरांना उपयोगी, तोच त्यांच्या पोटात अन्न आणखी तुंबवतो. जळजळ, आम्लपित्त असणाऱ्यांनी कांद्याच्या कोशिंबिरीवरच थांबावं. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करून कोणीही व्हिनेगरवर जाऊ नये.

आपल्याला लागू पडतं का हे ग्लुकोमीटरवर पाहता येतं. एक दिवस १५० ग्रॅम शिजलेला भात आणि तीच कडी, दुसऱ्या दिवशी तेच सगळं आणि सोबत २० मिली विनागरातला कांदा. जेवणाआधी, एका तासाने आणि दोन तासांनी साखर मोजायची. मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य धरलेली असते, म्हणून एका जोडीवर निकाल देऊ नये, तीन जोड्या तरी घ्याव्यात. उकडा तांदूळ असेल तर सगळे दिवस उकडाच, सुरय असेल तर सुरयच. तांदूळ बदलला की फरक विनागराचा की तांदळाचा हे कळणार नाही.

बाटली काचेचीच ठेवावी, बूच प्लॅस्टिकचं किंवा कॉर्कचं. पत्र्याचं झाकण आतून गंजतं आणि तो गंज विनागरात उतरतो. विनागर निम्म्यावर आला की लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावा. वर पांढरट साय धरली तर ती बहुतेक ‘मदर’च असते, गाळून वापरायला हरकत नाही. केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र सगळी बाटली ओतून द्यावी.