मोठा लॉट की लहान लॉट? छोट्या मशीन शॉपने ठरवायचं कसं

भोसरी-चाकण पट्ट्यात म्हणा, नाहीतर कोल्हापूरच्या शिरोलीत, टर्निंगच्या (लेथवर धातूचे गोल भाग कापणाऱ्या) कुठल्याही छोट्या शॉपमध्ये हा वाद ऐकू येतो: एका सेटिंगवर सलग काढायचा लॉट मोठा असावा की लहान. मालक म्हणतो, सेटिंग लागलंय तर महिन्याचा माल एकदाच काढून टाका. डिस्पॅच बघणारा म्हणतो, मला उद्याच्या गाडीत चारही व्हरायटी थोड्या-थोड्या हव्यात. मशीन नव्या जॉबसाठी लावून देणाऱ्या सेटरला कुणी विचारत नाही, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतं.

हिशेबासाठी एक शॉप डोळ्यांसमोर ठेवू. एक सीएनसी (संगणकावर चालणारा) लेथ, चार प्रकारचे बुश (नळीसारखे छोटे भाग), प्रत्येकाची मागणी महिन्याला 4,000 नग. सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायचा वेळ, 45 सेकंद, एका बुशवरून दुसऱ्यावर जायला 2 तासांचं सेटिंग. 16,000 नगांना 200 तास लागतात. दोन शिफ्ट, जेवण-चहा वजा जाता रोजचे 14 तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे हातात 350 तास. उरलेल्या 150 पैकी 100 तास लाइट जाणं, ब्रेकडाउन, इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) बदलणं आणि ऑपरेटरच्या दांड्या यांना सोडून दिले, तरी 50 तास सेटिंगला मोकळे आहेत.

आता मोठा लॉट. महिन्यातून प्रत्येक बुश एकदाच, 4,000 नगांचा. सेटिंगमध्ये फक्त 8 तास जातात, मशीन सलग चालतं, रोजचा उत्पादनाचा आकडा छान दिसतो. कच्च्या धातूचा बार एकदम आणता येतो, भावात थोडं घासाघीस करता येतं. या बाजूला जुन्या सूत्राचा भक्कम पाठिंबाही आहे. फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने 1913 मध्येच लॉट किती असावा याचं गणित मांडलं होतं: सेटिंगचा खर्च आणि माल पडून राहण्याचा खर्च यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो लॉट. आपल्या बुशला ते लावून बघा. वर्षाची मागणी 48,000, मशीनचा दर तासाला 500 म्हणजे सेटिंग 1,000 रुपयांचं, नग 40 रुपयांचा, तो वर्षभर पडून राहिला तर व्याज-जागा-गंज धरून 8 रुपये. उत्तर येतं साधारण 3,460. म्हणजे मालक बरोबर.

पण त्याच सूत्रातली दुसरी गोष्ट फारसं कुणी बघत नाही. लॉट निम्मा, म्हणजे 1,730 चा केला, तर वर्षाचा हा खर्च 27,700 वरून 34,600 वर जातो. फरक सात हजारांच्या आत, तोही वर्षाचा. शिवाय सेटिंगचे जे हजार रुपये आपण धरले ते बऱ्याच अंशी कागदावरचे आहेत. मशीनला 50 तास रिकामेच आहेत, सेटरचा पगार तसाही द्यायचाच आहे. मशीन रात्रंदिवस भरलेलं असेल, त्यासाठी ऑर्डर परत पाठवाव्या लागत असतील, तेव्हाच सेटिंगचा तास खऱ्या अर्थाने महाग. उधारीवर मशीन घेतलेल्या माणसाला ते मोकळं दिसलं की पोटात गोळा येतो, हे मी समजू शकतो. पण गरज नसलेला नग काढून ते गुंतवून ठेवलं की हप्ता फिटत नाही, क्रेट भरतात.

सूत्रात न बसणारा खर्च मात्र मोठा आहे. समजा बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, मिलिमीटरच्या दोन शतांशांनी ओव्हरसाइज गेला. लेथवर भोक तपासायचं प्लग गेज हातात होतं, पण गेजच चुकीच्या मापाचं. पुढच्या स्टेशनला प्रेसफिट करताना (दाबून घट्ट बसवताना) बुश सैल बसला तेव्हा कळलं. 3,500 चा लॉट निघून गेला असेल तर 1 लाख 40 हजारांचा माल सॉर्टिंगला, आणि दोन माणसं चार दिवस क्रेट उपसत बसणार. 160 चा लॉट असता तर संध्याकाळच्या आत सापडलं असतं आणि नुकसान साडेसहा हजारांच्या आत राहिलं असतं. लहान लॉटची माझ्या मते सगळ्यांत मोठी कमाई हीच. व्याजाची बचत दुय्यम.

दुसरं, ड्रॉइंगचं रिव्हिजन. ग्राहक चॅम्फर (कडेचा तिरपा काप) बदलतो, आणि जिन्याखाली रचलेले अडीच हजार नग एका मेलमध्ये भंगार होतात. ग्राहकाच्या शेड्यूलमध्ये ‘फर्म’ (पक्कं) लिहिलेलं असेल तर भांडता येतं, ‘टेंटेटिव्ह’ (अंदाजे) असेल तर गप्प बसावं लागतं.

तिसरं पैशाचं. तयार माल शेडमध्ये आहे तोवर बिल नाही. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून मुदतीत न दिलेल्या पैशाची आयकरातली वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते ग्राहकाने माल स्वीकारल्यावर. क्रेटमधल्या बुशचं घड्याळ सुरूच होत नाही.

मग उद्यापासून रोज चारही बुश काढायचे का? 2 तासांच्या सेटिंगवर नाही जमणार. 50 तासांत 25 सेटिंग बसतात, म्हणजे प्रत्येक बुश महिन्यातून सहा वेळा, लॉट साधारण 670 चा. याच्या खाली उतरलात तर मशीनचा वेळ खाल्ला जाईल आणि महिनाअखेरीला ओव्हरटाइम लागेल. एखाद्या सेमिनारमधून लहान लॉटची जपानी पद्धत ऐकून आलेले मालक इथेच आपटतात: लॉट आधी कमी करतात, सेटिंगकडे नंतर बघतात.

उलट क्रमाने जायला हवं. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने टोयोटामधल्या 1,000 टनी प्रेसचं उदाहरण लिहून ठेवलंय: 1969 मध्ये तिचं सेटिंग 4 तासांचं होतं, सहा महिन्यांत ते 90 मिनिटांवर आलं आणि पुढच्या तीन महिन्यांत 3 मिनिटांवर. युक्ती सोपी होती. जे काम मशीन चालू असताना करता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. आपल्या लेथवर ते दोन तास जातात कुठे, हे एकदा मोबाइलवर शूट करून बघा. सेटर अ‍ॅलन की शोधतोय. सॉफ्ट जॉ (नग पकडणारे जबडे) नव्याने बोअर करतोय, कारण मागच्या वेळचे कुणीतरी दुसऱ्या जॉबला वापरले. प्रोग्रॅम पेनड्राइव्हमध्ये आहे आणि पेनड्राइव्ह ऑफिसमध्ये. पहिला नग निघाला, पण तो तपासणारा जेवायला गेलाय. प्रत्यक्ष जॉ बदलणं, टूल लावणं, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणं याला निम्मा वेळसुद्धा लागत नाही. प्रत्येक बुशचे जॉ वेगळे, नंबर टाकलेले, पुढच्या जॉबची ट्रॉली आधीच भरून ठेवलेली, फर्स्ट पीस तपासायला ठरलेला माणूस: एवढ्यावर अर्ध्या तासापर्यंत यायला भांडवल फारसं लागत नाही. सेटरला थोडा मान मात्र द्यावा लागतो.

आणि अर्ध्या तासावर आलात की चित्रच बदलतं. त्याच 50 तासांत 100 सेटिंग, प्रत्येक बुश रोज, लॉट 160 चा. रोज 8 तास टर्निंग, 2 तास सेटिंग, वरचे 4 तास लाइट-ब्रेकडाउनसाठी.

सेटिंग कमी होईपर्यंत एक मधला मार्ग आहे आणि तो फुकट आहे. लॉट मोठाच काढा, पण पुढे लहान-लहान सरकवा. 4,000 बुश पूर्ण झाल्यावरच ड्रिलिंगला पाठवले आणि ड्रिलिंगचाही सायकल टाइम 45 सेकंद असला, तर 50 अधिक 50, म्हणजे 100 तास, सात दिवस. दर 200 नगांची क्रेट भरली की लगेच पुढे दिली तर साडेबावन्न तास, चार दिवसांच्या आत. मशीन तेच, माणसं तीच. बोअर चुकला तर ड्रिलिंगवाला पहिल्या क्रेटलाच ओरडतो, हा वर फायदा. बऱ्याच शॉपमध्ये हे होत नाही, कारण रूट कार्ड (मालाबरोबर फिरणारं नोंदीचं कार्ड) एका लॉटला एकच असतं आणि अर्ध्या लॉटची नोंद कुठे करायची ते कुणी ठरवलेलं नसतं. क्रेटवर चिठ्ठी लावा, संपलं.

प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला मात्र लहान लॉटचा हट्ट धरू नका. भट्टीचा चार्ज, म्हणजे एका वेळचा माल, पूर्ण भरावाच लागतो, प्लेटिंगवाला किमान बिल लावतो, टेम्पो अर्धा गेला तरी भाडं पूर्ण. तिथे चारही बुश एकत्र करून दोन-तीन दिवसांनी एकदा पाठवणं परवडतं.

आणि लहान लॉट म्हणजे शून्य साठा असंही नाही. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाचा पुरवठादार आयसिन सेकीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ एकट्या त्याच कारखान्यातून येत होता, साठा नावापुरता, आणि टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. इतर पुरवठादार मदतीला धावले म्हणून ते लवकर सावरले. आपल्याकडे एकच लेथ, एकच सेटर आणि ग्राहकाची लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापलेले पैसे. तेव्हा प्रत्येक बुशचे तीन-चार दिवसांचे तयार नग बाजूला ठेवाच, आणि ते आधी जुने उचलून, नवे भरून फिरते ठेवा.

माझा कौल असा. दोन-चार व्हरायटी दर महिन्याला ठरलेल्या जात असतील आणि मशीनला वेळ असेल, तर सेटिंग उतरवत लॉट लहान करत जा. मशीन खचाखच भरलेलं असेल तर आधी सेटिंग, तोवर मोठा लॉट आणि लहान क्रेट. आणि वर्षातून एकदाच येणारी, जुन्या मॉडेलच्या स्पेअरची 300 नगांची ऑर्डर असेल तर ती बिनदिक्कत एकाच सेटिंगमध्ये काढा, शेवटी दहा नग जास्तच. फक्त दहा, पन्नास नव्हे.