खर्चाला कात्री की उत्पन्नात भर? राज्याच्या तिजोरीबद्दल मत ठरवण्याआधी

ठाण्यात पाचपाखाडीला आमची सोसायटी आहे, आणि तिथला हिशेब मी सांभाळतो. मागे एकदा मेंटेनन्सची वसुली थकली, तेव्हा वॉचमनचे पगार सिंकिंग फंडातून द्यावेत असं कुणीतरी सुचवलं. मी साफ नकार दिला. तो पैसा इमारतीच्या मोठ्या कामांचा. महिन्याचा खर्च महिन्याच्या वर्गणीतूनच भागायला हवा.

उमेदवार दारात आला की राज्याच्या पैशाबद्दल त्याला काय विचारायचं, हे ठरवताना मी हाच नियम लावतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्ज काढून भागवायची एकूण रक्कम, 1,36,235 कोटी रुपयांची धरली होती. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या) 3 टक्क्यांच्या आत, म्हणून ‘शिस्त पाळली’ असं सांगितलं जातं. पण त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला उत्पन्नातून न पुरणारी रक्कम, 45,891 कोटींची होती. म्हणजे उसन्या घेतलेल्या दर 100 रुपयांतले सुमारे 34 रुपये पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदानांत जाणार होते. याला आपल्याकडे ऋण काढून सण म्हणतात. 2005 च्या राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्याचा रोख ही महसुली तूट संपवण्याकडेच होता.

ती भरायचे मुख्य रस्ते दोन.

खर्च कमी करणे

हा रस्ता ऐकायला सोपा वाटतो. पगार, पेन्शन आणि व्याज यांना लगेच हात लावता येत नाही, म्हणून कात्री योजनांवर आणि कामांच्या बिलांवर फिरते. बिलं अडवणं ही तर बचतही नव्हे, ते न दाखवलेलं कर्ज आहे. 2025 मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरचे कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते.

मग राहते लाडकी बहीण. 2024-25 साठी 46,000 कोटी सांगितले गेले, पुढच्या वर्षी तरतूद 36,000 कोटींवर आली. पडताळणीत सरकारी नोकरीतल्या महिलाही लाभ घेताना आढळल्या. ती नावं वगळायलाच हवीत. पण आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई त्या 1,500 रुपयांतून मुलीच्या क्लासची फी भरतात. सरसकट योजना बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं तिथे जमत नाही. पात्रता काटेकोर तपासा, पण निवडणुकीच्या आधी. मतदान झाल्यावर तपासायचं, हाच मूळ दोष.

उत्पन्न वाढवणे

जीएसटी 2017 मध्ये आला आणि राज्याच्या हातात मोजकीच साधनं उरली: पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. जून 2025 मध्ये दारूवरचं शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील असा अंदाज होता. तो पूर्ण खरा ठरला तरी वरच्या महसुली तुटीचा एक तृतीयांशही भाग भरत नाही. ठाण्यात घर घेणारा आधीच 7 टक्के मुद्रांक शुल्क मोजतो, तिथे आणखी ताणायला जागा नाही.

वाढ कुणावर टाकायची, हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्याच महिन्यात निरनिराळ्या दस्तांसाठी लागणारा 100 रुपयांचा मुद्रांक 500 रुपयांचा झाला. गाडीवाल्याला सूट मिळाली आणि कागद करायला आलेल्या साध्या माणसावर बोजा पडला. हे दोन निर्णय एकाशेजारी एक ठेवून कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही.

तिसरा रस्ताही आहे: कर्ज महामंडळाच्या नावावर काढायचं आणि राज्यानं हमी द्यायची. मोठे पूल आणि बोगदे त्यातून होतात, पैसा वसूल होणार असेल तर हरकतही नाही. मात्र हमीचा एकूण आकडा विचारायला विसरू नका.

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हे दूरचं गणित नाही. महापालिकांची जकात गेली, उपकर गेला, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. आता दोन्ही महापालिका राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईच्या हप्त्यांवर विसंबून असतात. मंत्रालयात हात आखडला की इथली नालेसफाई आणि पाणी अडतं.

माझी निवड सांगतो. आधी अपात्र नावं वगळा, मग ज्याला झेपतं त्याच्याकडून वसूल करा. योजना मात्र शेवटी कापा. नाक्यावर मोटारीला 45 रुपये पडत होते. माझीही मोटार आहे, आणि ते पैसे पुन्हा भरायला मी तयार आहे.