अठरा वर्षांचा जमाखर्च : स्टीव्ह मार्टिन यांचे ‘बॉर्न स्टँडिंग अप’

विनोदी नटाचे आत्मचरित्र घेताना त्यात किस्से असतील, चित्रीकरणाच्या वेळच्या गमतीजमती असतील आणि दर दोन पानांमागे एखादे तरी हसू फुटेल, असे आपण गृहीतच धरलेले असते. स्टीव्ह मार्टिन यांचे ‘बॉर्न स्टँडिंग अप’ हे पुस्तक मी त्याच अपेक्षेने मागवले होते. २००७ साली अमेरिकेतील स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने काढलेले हे पुस्तक जेमतेम दोनशे पानांचे आहे. ते वाचताना मी फारसा हसलो नाही, आणि तरीही ते कागदी रूपात वाचून झाल्यावर त्याचे ऑडिओबुकही विकत घेतले. एकाच पुस्तकासाठी दोनदा पैसे मोजण्याची मला सवय नाही, त्यामुळे या खरेदीचा खुलासा करणे भाग आहे.

मार्टिन यांना आपल्याकडचे बहुतेक प्रेक्षक ओळखतात ते चित्रपटांमुळे, किंवा अलीकडे २०२१ पासून सुरू झालेल्या ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ या मालिकेमुळे. पांढऱ्या केसांचा, जरा अवघडलेला, सभ्य गृहस्थ अशी त्यांची प्रतिमा आपल्या मनात असते. हाच माणूस सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतला सर्वाधिक गर्दी खेचणारा स्टँड-अप विनोदवीर होता, वीस-वीस हजार आसनांची क्रीडागृहे भरवत होता आणि १९८१ मध्ये ते सगळे सोडून निघून गेला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. हे पुस्तक त्याच काळाचे आहे. आपण अठरा वर्षे हा व्यवसाय केला, त्यांतली दहा शिकण्यात गेली, चार घासूनपुसून लख्ख करण्यात आणि चार अफाट यशात, असा हिशेब ते सुरुवातीलाच मांडतात. याला आत्मचरित्र म्हणायलाही त्यांची तयारी नाही. ज्याच्याविषयी आपण लिहीत आहोत तो आपल्या एके काळच्या ओळखीचा एक माणूस आहे, म्हणून हे चरित्रच समजावे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा नुसता शब्दांचा खेळ असेल असे मला आधी वाटले होते. पण पुस्तकभर त्यांनी हे अंतर खरोखरच पाळले आहे. स्वतःचे कौतुक नाही, स्वतःची कीव नाही, आणि कोणाचे उणेदुणे काढणेही नाही.

त्यांचा जन्म १९४५ मध्ये टेक्सासमधील वेको येथे झाला आणि ते लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. १९५५ साली अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, ते नेमके त्यांच्या घरापासून दोन मैलांवर. दहा वर्षांचा हा मुलगा सायकलवरून तिथे जाऊन माहितीपुस्तिका विकू लागला, आणि काही वर्षांनी तिथल्याच जादूच्या साहित्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकांना हातचलाखी करून दाखवू लागला. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत जास्त आवडला, कारण एखादी कला अंगात कशी मुरते हे इतक्या जवळून क्वचितच कोणी दाखवते. गाणी, नकला, जादू असे सुटे खेळ एकापाठोपाठ एक सादर होणाऱ्या जुन्या व्हॉडव्हिल रंगभूमीवर काम केलेला दुकानातला एक सहकारी ‘आता या हातमोज्याचे कबुतर होणार’ असे जाहीर करून पांढरा हातमोजा हवेत उडवीत असे. मोजा पट्कन जमिनीवर पडे. तो गृहस्थ क्षणभर मोज्याकडे पाही आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढच्या प्रयोगाला लागे. काहीही न घडण्यावर माणसे हसतात, हे त्या मुलाला तिथे पहिल्यांदा दिसले. त्याने रीतसर परवानगी मागून तो प्रयोग आपल्या खेळात घेतला. पुढची सारी कारकीर्द त्या पडलेल्या मोज्यातून निघाली आहे, असे मी म्हटले तर त्यात फार अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर जवळच्याच नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानातील ‘बर्ड केज’ या लहानशा नाट्यगृहात दिवसाला अनेक खेळ, तिथेच जमलेला बँजो या तंतुवाद्याचा हात, महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि मग ‘स्मदर्स ब्रदर्स’ या विनोदी जोडीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी लेखन, ज्याबद्दल १९६९ मध्ये लेखकचमूसह एमी पुरस्कार मिळाला, असा प्रवास येतो. बँजो शिकण्याची त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. ३३ फेऱ्यांची तबकडी ते १६ फेऱ्यांच्या वेगावर लावत, वाद्याची पट्टी तेवढी खाली उतरवून घेत आणि एकेक सूर सुटा करून उचलत. पोरवयातल्या जादूच्या खेळांनंतर त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली टिपणे पुस्तकात छायाचित्ररूपाने छापली आहेत. अनावश्यक विनोद गाळावेत, अंग सैल सोडावे, थरथरू नये, अशा स्वरूपाच्या सूचना त्या टिपणांत आहेत. प्रयोग संपल्यावर घरी जाऊन काय चुकले ते लिहून काढणारा मुलगा पुढे कोणत्याही क्षेत्रात गेला असता तरी त्याने नाव काढले असते, असे ते पान पाहताना वाटत राहते.

पुस्तकाचा गाभा मात्र विशीतल्या मार्टिन यांना पडलेल्या एका प्रश्नात आहे, आणि विनोदाशी ज्याचा कामाचा संबंध आहे त्याने ती पाने सावकाश वाचावीत. त्या काळच्या विनोदवीरांची पद्धत ठरलेली होती : ताण वाढवत न्यायचा, पंचलाइन टाकायची, किंचित थांबायचे आणि हशा वसूल करायचा. मार्टिन यांच्या लक्षात आले की असा हशा पुष्कळदा खरा नसतोच. गाणे संपल्यावर सवयीने टाळ्या पडतात, तशी ती विनोद पोहोचल्याची पोचपावती असते. त्याउलट मित्रांच्या टोळक्यात पोट धरून हसलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी सांगताही येत नाहीत. मग त्यांनी स्वतःलाच विचारले की पंचलाइन दिलीच नाही तर काय होईल, ताण वाढवत नेला आणि तो सैल करण्याची खूणच केली नाही, तर प्रेक्षक तो कुठे मोकळा करतील? त्यांचे उत्तर असे की कंटाळून का होईना, प्रेक्षक हसण्याची जागा स्वतःच निवडतील, आणि स्वतः निवडलेल्या जागी आलेले हसू खरे असेल. मात्र त्यासाठी एक अट होती. विनोद पडला आहे असे नटाच्या चेहऱ्यावर कधीही दिसता कामा नये. हे विनोदीच आहे, तुमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो आहे एवढेच, हा आव शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

कागदावर हे सुबक दिसते. प्रत्यक्षात त्यासाठी किती वर्षे रिकाम्या खुर्च्यांपुढे काढावी लागली, हे मार्टिन कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोतील एका कॉफीगृहात समोर एकही माणूस नसताना त्यांना ठरल्या वेळी प्रयोग सुरू करावा लागे, कारण रस्त्याने जाणाऱ्याने काचेतून आत पाहिले तर काहीतरी चालू आहे असे त्याला दिसावे, ही मालकाची इच्छा. आपल्याकडे कॅफेंच्या माडीवर ओपन माइकसाठी, म्हणजे नवख्यांना चार मिनिटे मंच देणाऱ्या कार्यक्रमासाठी, नाव नोंदवून उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनी हा उतारा अवश्य वाचावा. मीही पुण्यात अशा दोन-चार संध्याकाळी प्रेक्षकांत बसलो आहे, आणि आठ श्रोत्यांपैकी सहा जण आपल्याच पाळीची वाट पाहणारे विनोदवीर असले की हवा कशी कोंदट होते, ते जवळून पाहिले आहे.

त्या सगळ्या खटाटोपाचे फळ नॅशव्हिलच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातल्या एका प्रयोगाच्या वर्णनात दिसते, आणि माझ्या मते ते या पुस्तकातले सर्वोत्तम वर्णन आहे. वर्गासारख्या खोलीत सुमारे शंभर विद्यार्थी होते. विंग नाही, पडदा नाही. खेळ संपला तरी पोरे उठेनात. मार्टिन यांनी त्यांच्या देखत सामान आवरायला घेतले, संपले म्हणून सांगितले, तरीही तो खेळाचाच भाग समजून सगळे जागेवर. शेवटी ते बोलत बोलत दाराबाहेर पडले, तशी सगळी फौज मागोमाग निघाली. वाटेत पाणी काढून टाकलेला एक पोहण्याचा तलाव लागला. त्यांनी सर्वांना आत उतरायला लावले आणि त्या दाटीच्या डोक्यांवरून, हातांवरून ते खरोखर पोहत गेल्यासारखे पलीकडच्या काठाला लागले. आपण आता एका नव्या जागी पोहोचलो आहोत, हे त्या रात्री झोपताना त्यांना कळले होते.

यशाच्या चार वर्षांवरची पाने तुलनेने झरझर सरकतात. १९७२ पासून जॉनी कार्सन यांच्या ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हजेरी, १९७६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचे यजमानपद, ग्रॅमी मिळवणाऱ्या ध्वनिमुद्रिका, ‘किंग टट’ हे गाजलेले गाणे, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आपली आकृती दिसावी म्हणून घातलेला पांढराशुभ्र थ्री-पीस सूट. या भागात मला पटलेली गोष्ट अशी की, कला कोणत्या क्षणी हातातून निसटली हे मार्टिन नेमके सांगू शकतात. लहान जागेत भुवई उडवून येणारा हशा क्रीडागृहात येऊ शकत नाही, आणि लोक तर विनोद येण्याआधीच ओरडू लागले होते. ताण निर्माण करून तो न सोडण्यावर ज्याचा खेळ उभा होता, त्याच्यासमोर ताणलेले कोणी उरलेच नव्हते. आपण विनोदवीर राहिलो नसून जत्रेचे यजमान झालो आहोत, हे त्यांना जाणवत गेले. रोजच्या नव्या गावातला हॉटेलच्या खोलीतला एकटेपणा होताच.

या पार्श्वभूमीवर चित्रपट आला. कार्ल रायनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द जर्क’ १९७९ मध्ये प्रदर्शित झाला; सुमारे ४० लाख डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने अमेरिकेतच सात कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. स्टँड-अपमध्ये नट गावोगाव फिरतो आणि चित्रपटात नटाऐवजी चित्रपट फिरतो, हा मार्टिन यांचा युक्तिवाद व्यवहारी असला तरी खरा आहे. एकट्याने उभे राहण्याचा कंटाळा आलेल्या माणसाला चार जणांबरोबर काम करण्याची ओढ लागली, हेही ते मोकळेपणाने लिहितात.

आणि इथेच माझी तक्रार आहे. चित्रपट आला, पुस्तक जवळजवळ संपले. १९८७ चे ‘रॉक्सॅन’ आणि ‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’, १९९१ चा ‘फादर ऑफ द ब्राइड’, त्यांची नाटके, पुढे २०१३ मध्ये मिळालेले सन्माननीय ऑस्कर, यांच्या मागची गोष्ट ज्याला हवी आहे त्याने हे पुस्तक घेऊ नये. स्वतःच्या देहबोलीवर वीस हजारांचे लक्ष खिळवणारा माणूस कॅमेऱ्यापुढे ती देहबोली आवरायला कसा शिकला, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर देण्याची सर्वाधिक पात्रता असलेला लेखक त्यावर दोन-चार परिच्छेदांत निभावून नेतो. एक धागा मात्र सापडतो. जे जे शिकलास ते सगळे कधी ना कधी वापरशील, अशा अर्थाचे काहीतरी कार्सन त्यांना म्हणाले होते. डिस्नेलँडमध्ये पोरवयात शिकलेली दोरी फिरवण्याची करामत १९८६ च्या ‘थ्री अमिगोज’मध्ये त्यांच्या उपयोगी पडली. असे दुवे आणखी दहा-बारा तरी हवे होते.

वडिलांविषयीचा भाग वेगळा सांगितला पाहिजे. ग्लेन मार्टिन यांना तरुणपणी स्वतः नट व्हायचे होते. झाले ते घरे-जमिनींच्या व्यवहारातले विक्रेते. मुलाशी त्यांचे वागणे कठोर होते, कधी मारहाणीचेही. मुलगा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये पहिल्यांदा चमकला, तेव्हा त्यांनी आपल्या व्यावसायिक संघटनेच्या वार्तापत्रात त्या कामावर प्रतिकूल अभिप्राय छापला. ‘द जर्क’च्या पहिल्या खेळानंतर जेवणाच्या टेबलावर त्यांनी काय म्हणावे, तर हा काही चार्ली चॅप्लिन नव्हे. पुढे एका मित्राच्या सांगण्यावरून मार्टिन यांनी आईवडिलांना नियमाने जेवायला नेण्याचा परिपाठ सुरू केला आणि तो बरीच वर्षे पाळला. मृत्युशय्येवर बाप म्हणतो की मला जे करायचे होते ते सगळे तू केलेस. मुलगा उत्तर देतो की तुमच्यासाठीच केले. आणि तुमच्यामुळे केले, हे अधिक गुंतागुंतीचे सत्य आपण त्या वेळी बोललो नाही, याचे त्याला समाधान वाटते.

खरेदीविषयी. कागदी आवृत्तीत मजकुराच्या अध्येमध्ये जुनी छायाचित्रे, जाहिरातपत्रके आणि वर सांगितलेली टिपणे आहेत, आणि ती या पुस्तकाची अर्धी गंमत आहे. माझ्या एका स्नेह्यांनी ई-पुस्तक घेतले, तर त्यांच्या राखाडी पडद्यावर ती टिपणे वाचताही येईनात. मी ज्या विक्रेत्याकडून कागदी प्रत मागवली त्याने कोपरा दुमडलेली प्रत पाठवली, आणि ती बदलून घेण्यात तीन आठवडे गेले; पण तो दोष पुस्तकाचा नव्हे. ऑडिओबुक चार तासांच्या आसपासचे असून मार्टिन यांनी ते स्वतः वाचले आहे. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरची अनोळखी नावे सोडून दिली तरी काही अडत नाही.

मला विचाराल तर आधी कागदी प्रत घ्यावी, आणि ती आवडली तरच ध्वनिप्रत. ऐकताना एका गोष्टीकडे माझे लक्ष गेले. पडलेल्या मोज्याचा प्रसंग ते कोणतेही सोंग न आणता, रोजची बातमी वाचावी तसे सरळ वाचून जातात, हशासाठी कुठेही थांबत नाहीत. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकत होतो. हसू आले ते पुढचे वाक्य अर्धे होऊन गेल्यावर.