पी लहर कोणी टिपायची, प्रोग्रामने की आपण?

घरी किंवा कॉलेजात भूकंपमापक बसवला की महिनाभरात हा प्रश्न पडतोच. भूकंपाची पहिली पोचणारी लहर, म्हणजे पी, आल्याची वेळ आलेख बघून स्वतः टिपायची, की ते काम प्रोग्रामवर सोडायचं? माझं यंत्र नाशिकजवळ मखमलाबादला घराच्या मागच्या खोलीत आहे आणि दोन वर्षं मी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. घड्याळ जीपीएसवर आहे असं धरून पुढचं लिहितोय. ते नसेल तर आधी ते करा.

प्रोग्राम म्हणजे साधा एसटीए/एलटीए: गेल्या काही क्षणांच्या कंपनाची सरासरी बऱ्याच वेळच्या सरासरीशी ताडतो आणि ती एकदम वाढली की खूण करतो. तो रात्रभर जागा असतो, आपण नसतो. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तशा धक्क्यांना तो पुरतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पी ठळक, मागून बारा-पंधरा सेकंदांनी एस, म्हणजे दुसरी, संथ लहर. तिथे त्याची आणि माझी पीची वेळ बहुतेकदा जुळते. शिवाय एका दिवसात वीस-पंचवीस धक्के आले तर हाताने टिपणारा माणूस संध्याकाळपर्यंत थकतो, आणि थकल्या डोळ्यांनी टिपलेल्या एसवर माझा मलाच भरवसा वाटत नाही.

खोट्या ट्रिगरचा, म्हणजे भूकंप नसताना पडणाऱ्या खुणांचा, त्रास आहेच. ऑक्टोबर छाटणीनंतर शेजारच्या द्राक्षबागेत पहाटेपासून ब्लोअरचा ट्रॅक्टर फिरतो आणि नोंदींची रांग लागते. पण त्याची रेघ हळूहळू फुगते, हळूहळू ओसरते. आठवडाभरात ती ओळखू येते. त्यावरून मी काही ठरवलं नाही.

ठरलं ते कोयनेच्या धक्क्यांवरून. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाची पहाट आठवणारी माणसं आमच्या घरात होती, म्हणून कोयनेची नोंद आली की मी ती जास्तच जपून बघतो. नाशिकहून कोयना सरळ रेषेत साधारण 290 किलोमीटर. एवढ्या अंतरावर पी दोन वाटांनी येते. पहिली पोचते ती पीएन, पृथ्वीच्या कवचाच्या तळाखालून सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने आलेली. कवचातूनच येणारी पीजी सेकंदाला सहा किलोमीटरची, ती चार-पाच सेकंद मागे. पण पीएन अशक्त आणि पीजी दणदणीत. प्रोग्राम रेघ एकदम उसळण्याची वाट बघत बसतो, म्हणून तो पीजीवर खूण करतो आणि तिलाच पहिली म्हणतो.

एकदा पहाटे अशी नोंद ताणून बघितली. खुणेच्या डावीकडे रेघ बारीक थरथरत होती. मग एका जागी ती थरथर किंचित लांबट झाली आणि पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही. तीच पीएन, खुणेच्या साडेचार सेकंद आधी. ही चूक तशीच केंद्र काढण्याच्या गणितात गेली की भूकंपाचं केंद्र सहज वीस-तीस किलोमीटर सरकू शकतं. आमच्या मित्रमंडळात चारच स्टेशनं आहेत. त्यातलं एक चुकलं तर बाकीच्या तिघांना ते सावरता येत नाही. किती उसळी आली की खूण करायची तो प्रोग्रामचा उंबरठा खाली आणून बघितला. पीएन सापडायला लागली, पण तिच्याबरोबर ट्रॅक्टर, टँकर आणि रस्त्यावरची मोटारसायकलसुद्धा.

हाताने टिपताना आणखी एक सोय आहे, तिचं मोल मला उशिरा कळलं. केंद्र काढणाऱ्या हायपो71 या प्रोग्रामच्या पद्धतीत प्रत्येक वेळेला 0 ते 4 असा आकडा देता येतो: 0 म्हणजे पक्की, 4 म्हणजे गणितात घेऊच नका. पीएन धूसर असली तर मी 3 लिहितो. साधा प्रोग्राम मात्र धूसर वेळही तितक्याच खात्रीने देतो.

फेजनेटसारखे, जुन्या नोंदी दाखवून शिकवलेले प्रोग्राम याहून नक्कीच सरस आहेत, एसच्या बाबतीत तर फारच. पण फेजनेट अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियाच्या नोंदींवर शिकलंय, आणि माझ्याकडे कोयनेच्या पीएनवर ते कधी बरोबर येतं, कधी नाही. माझ्या नोंदी थोड्या आहेत, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

तुमचं लक्ष फक्त पालघरकडे असेल, किंवा रोज तासभर बसणं जमणार नसेल, तर खुशाल प्रोग्राम घ्या. दूरच्या धक्क्यांचं केंद्र काढायचं असेल तर माझं मत हाताच्या बाजूने आहे. प्रोग्राम मी बंद केलेला नाही, धक्का आला हे तोच कळवतो. फक्त आलेख उघडण्याआधी त्याच्या खुणा लपवतो, नाहीतर डोळा आपोआप तिथेच जाऊन थांबतो.