मॉरिशस की सिंगापूर?

भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी भाचीचं या दोघांत ठरत नाहीये. दोन्ही देश गोव्याहून लहान. मॉरिशस सुमारे २,०४० चौ. किमी, सिंगापूर जेमतेम ७३५. पण सिंगापूरचा आकडा स्थिर नाही. १९६५ मध्ये तो ५८१ च्या आसपास होता. समुद्रात भराव टाकून देश वाढत गेला, आणि मला हीच त्याची सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. तिथे शेती एक टक्काही नाही. सुमारे दोन तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी मात्र जलाशयांत साठवतात. मॉरिशसमध्ये शेतजमिनीवर आजही ऊसच जास्त. तांदूळ-गहू बाहेरूनच येतो.

शहर, पाणी, भराव अभ्यासायचा तर सिंगापूर घे. शेती आणि स्थलांतराचं नातं शोधायचं असेल तर मॉरिशस. त्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्यांत मराठी माणसंही होती.